कॉस्प्लेमधील चिलखत व आयुधांची निर्मिती : टिकाऊपणा आणि धारणक्षमता

प्रस्तावना

चित्रपटातील, चित्रकथेतील अथवा संगणकीय खेळातील एखाद्या पात्राचा वेश स्वतः तयार करून तो धारण करणे आणि त्या रूपात समानधर्मीयांच्या मेळाव्यात वावरणे या छंदास 'कॉस्प्ले' असे म्हणतात. 'कॉस्च्युम' व 'प्ले' या दोन शब्दांचा जपानी उच्चारपद्धतीने संक्षेप होऊन ही संज्ञा सिद्ध झाली असून १९८३-८४ च्या सुमारास ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः नोबुयुकी ताकाहाशी यांस दिले जाते. प्रथा मात्र संज्ञेहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकालीन वेशात उपस्थित राहिले होते. दोन्ही वेश डग्लस यांनी तयार केले होते. अ‍ॅकरमन यांचे नाव पुढे या क्षेत्रात सर्वतोमुखी झाले, शिवणाऱ्या हाताचे मागे पडले, हा भाग वेगळा. जपानमधील नागोया येथे २००३ पासून या कलेचा जागतिक मेळावा भरतो. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली 'कॉमिक कॉन इंडिया'चा पहिला मेळावा झाला आणि त्यानंतर मुंबईसह इतर शहरांतील महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने या छंदाकडे वळले.

प्राध्यापकवर्गात या छंदाविषयी दोन टोकांच्या प्रतिक्रिया आढळतात. काहींना तो निव्वळ पोरखेळ वाटतो, तर काहींना परकीय अनुकरण. प्रस्तुत लेखात या वादात न शिरता वेशातील सर्वांत कठीण अंगाचा, म्हणजे चिलखत व आयुधे यांच्या निर्मितीचा, विचार केला आहे. या निर्मितीत भूमिती, पदार्थविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र आणि शिवणकला यांचा एकत्र कस लागतो. त्यांपैकी एकाकडेही दुर्लक्ष झाले तर काय होते, हे पुढील प्रसंगावरून स्पष्ट व्हावे.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन महोत्सवात परीक्षक म्हणून उपस्थित असताना प्रस्तुत लेखकाच्या समोर एक विद्यार्थी भोवळ येऊन कोसळला. त्याने तीन महिने खपून तयार केलेले कवच दिसावयास अप्रतिम होते. परंतु ते पाठीमागून मित्रांनी चिकटपट्ट्या लावून बंद केलेले होते आणि शिरस्त्राण गळपट्टीत अडकविलेले होते. स्वतःच्या हाताने त्यातून बाहेर पडण्याची सोयच नव्हती. अखेर शिवणकामाची कात्री आणून छातीचे कवच उभे कापावे लागले. विद्यार्थी अर्ध्या तासात सावरला, कवच गेले. शुद्धीवर आल्यावर त्याने प्रथम विचारले ते कवचाविषयीच.

चित्रपटातील कवच आणि मेळाव्यातील कवच

सदर विद्यार्थ्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण त्याचा आदर्श चित्रपट हा होता. चित्रपटातील चिलखत हे कॅमेऱ्यासाठी असते. नट ते काही मिनिटे धारण करतो, दोन चित्रणांच्या मध्ये ते उतरविण्यास मदतनीस सज्ज असतात, आणि एखादा भाग तुटल्यास दुसरा तयार असतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटत्रयीसाठी (२००१-२००३) न्यूझीलंडमधील वेटा वर्कशॉपने कडीची चिलखते तयार केली तेव्हा बहुतांश कड्या प्लॅस्टिकच्या नळीपासून कापून, हातांनी एकमेकींत गुंफून, वर धातूचा लेप दिलेल्या होत्या. अंतरावरून पोलाद दिसावे एवढेच त्यांचे काम होते.

येथे एका न्यायालयीन निर्णयाचा उल्लेख उद्बोधक ठरेल. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे १९७६ साली अँड्र्यू एन्सवर्थ या ब्रिटिश कारागिराने प्लॅस्टिकचा तापविलेला पत्रा निर्वाताच्या साहाय्याने साच्यावर ओढून बनविली होती. पुढे त्यांच्या प्रतिकृती विकल्यावरून खटला उभा राहिला. ही शिरस्त्राणे कायद्याच्या अर्थाने 'शिल्प' आहेत काय, असा प्रश्न होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नकारार्थी उत्तर दिले: ती चित्रपटनिर्मितीच्या प्रक्रियेतील उपयुक्त वस्तू होत, कलाकृती म्हणजे चित्रपट. कॉस्प्ले करणाऱ्याच्या बाबतीत हे नाते उलटते. त्याच्यापाशी चित्रपट नसतो, वस्तूच असते. आणि ती आठ तास अंगावर वागवावयाची असते. गर्दीत धक्के बसतात, जिने चढावे लागतात, बसावे लागते, प्रसाधनगृहातही जावे लागते. ही शेवटची बाब लेखी चर्चेत सहसा येत नाही, पण कमरेखालच्या कवचाची रचना तिच्यावरच ठरते.

साहित्याची निवड

आज या छंदात सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे ईव्हीए फोम. इथिलीन व व्हिनाइल अ‍ॅसिटेट यांचा हा सहबहुवारिक होय. लहान मुलांच्या खोलीत अंथरावयाच्या, एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत चटया याच पदार्थाच्या असतात, आणि पादत्राणांच्या तळव्यांसाठीही तोच वापरतात. त्यामुळे चपला-बूट बनविणाऱ्यांना साहित्य पुरविणाऱ्या दुकानांत निरनिराळ्या जाडीचे तक्ते सहज मिळतात. या फोममधील हवेचे कप्पे बंद असतात. म्हणून तो पाणी शोषत नाही, हलका असतो आणि दाबल्यावर पूर्ववत होतो. गरम हवेचा झोत देणाऱ्या हीट गनने तो तापविला की वरचे कप्पे मिटून पृष्ठभाग किंचित चकाकतो आणि तक्ता मऊ पडतो. त्याच क्षणी हवा तो आकार देऊन थंड होईपर्यंत धरून ठेवल्यास तो आकार बहुतांशी टिकतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. प्रति घनमीटर सुमारे १०० किलोग्रॅम घनतेचा १० मि.मी. जाडीचा फोम घेतल्यास एका चौरस मीटरचे वजन १ किलोग्रॅम भरते. धड व हातपाय झाकण्यास २ चौरस मीटर तक्ता लागला असे धरल्यास गोंद व रंगासह कवच अडीच-तीन किलोग्रॅममध्ये आटोपते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा १ मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा जवळजवळ १६ किलोग्रॅमचा होईल. पंधराव्या शतकातील युरोपीय योद्ध्याचे संपूर्ण पोलादी कवच १५ ते २५ किलोग्रॅम असे, हे लक्षात घेता हा अंदाज वास्तवाला धरून आहे.

दुसरा पर्याय म्हणजे उष्णतेने मऊ होणारे तक्ते. त्यांपैकी 'वोर्ब्ला' हा लाकडाचा अंश असलेला जर्मन तक्ता प्रसिद्ध असून स्वेतलाना क्विंट या जर्मन कलावतीच्या पुस्तकांमुळे त्याच्या वापराची पद्धत जगभर पोहोचली. साधारण ९० अंश सेल्सियसला तो मऊ होतो, गरम असताना स्वतःलाच चिकटतो, आणि उरलेले तुकडे मळून पुन्हा वापरता येतात. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि आयात मालामुळे किंमत विद्यार्थ्यास न परवडणारी असते. टोकदार अलंकरणापुरता तो वापरावा व बाकी भार फोमवर सोपवावा, असे मत येथे नोंदवितो. त्रिमितीय मुद्रणाने शिरस्त्राणे छापण्याचीही प्रथा पडली आहे. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंशांना नरम पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत अशी वस्तू ठेवणे धोक्याचे आहे. ती तिरपी झालेली आढळल्यास दोष मुद्रणयंत्राचा नसतो.

सपाट तक्त्यातून गोलाई

नवशिक्यांची पहिली तक्रार अशी असते की तक्ता छातीवर नीट बसत नाही. या तक्रारीमागे गाउस या गणितज्ञाने १८२७ साली मांडलेला सिद्धान्त आहे. सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता दंडगोलावर किंवा शंकूवर गुंडाळता येतो. गोलावर मात्र बसविता येत नाही. संत्र्याची साल सपाट करू गेल्यास ती फाटते, आणि कागदावरील जगाच्या नकाशात ग्रीनलंड अवाजवी मोठे दिसते, त्याचे कारण हेच. दंडावरील व पोटरीवरील कवच हे जवळजवळ शंकूचे भाग असल्याने सहज साधतात. खांदा, छाती, गुडघा व डोके येथे दुहेरी वक्रता येते.

शिंप्याने हा प्रश्न कधीच सोडविला आहे. ब्लाउजला तो टक्स घालतो, म्हणजे पाचरीच्या आकाराचा भाग मिटवून सपाट कापडाला फुगवटा आणतो. फोमलाही असेच टक्स घालावे लागतात. फरक इतकाच की येथे पाचर दुमडावयाची नसून कापून काढावयाची व कडा गोंदाने जोडावयाच्या. फोम तापविल्यावर थोडा ताणला जातो, त्यामुळे सौम्य फुगवटा गुडघ्यावर दाबूनही येतो. पण त्या ताणावर फार विसंबू नये, कारण तो उष्णतेत कालांतराने परत आकसतो.

बेतणीची खात्रीची रीत अशी. जो अंतर्वेश घालावयाचा तो घालूनच धडाभोवती पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळावी, तीवर चिकटपट्टीचा थर द्यावा, मग त्यावर कवचाच्या रेषा आखून आच्छादन कापून काढावे व तुकडे सपाट करावेत. अर्ध्याच अंगाचा नमुना पक्का करून दुसरी बाजू उलटवून घ्यावी, म्हणजे डावे-उजवे सारखे येते. एकदा उभे राहून व एकदा खुर्चीवर बसून मापे घ्यावीत. बसल्यावर छातीचे कवच हनुवटीस टेकते हे बहुतेकांना मेळाव्याच्या दिवशीच कळते.

याच टप्प्यावर जाडीचा हिशेब राहून जातो. १० मि.मी. जाडीचा फोम अंगाभोवती वळविल्यावर त्याचा मध्यस्तर अंगापासून ५ मि.मी. दूर असतो. परिघ त्रिज्येच्या २π पट वाढत असल्याने नमुना शरीराच्या घेरापेक्षा सुमारे ३१ मि.मी. मोठा असावयास हवा. कंबर ८० सें.मी. असो वा १०० सें.मी., ही वाढ तेवढीच राहते. तेवढे सव्वा इंच न वाढविल्यामुळे श्वास कोंडणारी कवचे मी अनेक पाहिली आहेत.

जोडणी, पट्टे व भार

फोमच्या जोडणीस रबरी द्रावाचा गोंद लागतो. चर्मकार त्यास नुसते 'सोल्यूशन' म्हणतात; फर्निचरवाल्यांकडे तो फेविकॉल एसआर यांसारख्या नावांनी मिळतो. दोन्ही कडांना पातळ थर लावून, हातास न चिकटण्याइतपत सुकू देऊन, मग कडा एकमेकींवर दाबावयाच्या. ओला असताना जोडला तर तो धरत नाही, हे न समजल्याने पुष्कळ जण गोंदालाच दोष देतात. या गोंदातील टोल्युइनसारखे द्रावक डोके जड करतात व वारंवार हुंगल्यास मज्जासंस्थेस अपाय करतात. वसतिगृहाच्या खोलीत, डास येतात म्हणून खिडकी लावून, रात्रभर चालणारे काम या दृष्टीने चिंताजनक आहे. फोम घासताना उडणारी धूळ एन-९५ मुखपट्टीने अडते, पण द्रावकाची वाफ तिने अडत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीचा मुखवटाच हवा. हा भेद विद्यार्थ्यांस सांगणे शिक्षकाचे काम आहे.

कवच तुटते ते बहुधा सांध्यावर नव्हे, तर पट्टा जेथे चिकटविला तेथे. गोंद फोमपेक्षा बळकट असतो. त्यामुळे पट्टा ओढला गेला की गोंद न सुटता फोमचाच पापुद्रा निघतो. उपाय म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर पसरविणे. नायलॉनच्या निवारपट्टीचे टोक तळहाताएवढ्या जाड कापडावर शिवून ते कापड आतून चिकटवावे, किंवा फोमला चीर पाडून पट्टी आरपार नेऊन दोन्ही बाजूंनी पक्की करावी. वेल्क्रो नुसता चिकटवू नये. छोट्या भागांस टिचबटण, मोठ्यांस दाबून सुटणारे प्लॅस्टिकचे बक्कल, हे प्रमाण अनुभवाने योग्य ठरले आहे.

भार कोठे टेकतो, हा प्रश्न याहून मोठा. सगळे कवच खांद्यांना टांगले की दोन तासांत मान आखडते. गिर्यारोहकाच्या पाठपिशवीचा कमरपट्टा जे काम करतो तेच येथे रुंद कमरपट्ट्याने करावे. मांड्यांची कवचे त्याला टांगावीत आणि छातीचे कवच अंशतः त्यावर टेकवावे. या बाबतीत आपल्याकडील 'चार-आईना' हा प्रकार अभ्यासण्याजोगा आहे. छाती, पाठ व दोन कुशी यांसाठी चार स्वतंत्र पत्रे, ते पट्ट्यांनी जोडलेले, हात पूर्ण मोकळे, आणि आत कडीचे चिलखत वा जाड वस्त्र. पत्रे स्वतंत्र असल्याने अंग वळते आणि फटींतून वाराही खेळतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रास्त्रे व चिलखते पाहताना नक्षीआधी बक्कल व बंद कोठे आहेत ते पाहावे. कोपर, गुडघा व पोट येथे अखंड तक्ता न वापरता एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या आतून इलॅस्टिकने जोडल्या की हालचाल साधते. ही युक्तीही जुन्या चिलखतकारांचीच.

उष्णता

वर सांगितलेल्या प्रसंगाचे मूळ येथे आहे. विश्रांत अवस्थेत मानवी शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते; चालताना ती दुप्पट-तिप्पट होते. आपल्या उन्हाळ्यात हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाच्या जवळ गेले की ही उष्णता बाहेर टाकण्यास घामाच्या बाष्पीभवनावाचून दुसरा मार्ग उरत नाही. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. म्हणजे २०० वॅट बाहेर टाकण्यास ताशी ३०० ग्रॅम घाम पूर्णपणे वाळला पाहिजे. गळून पडलेला किंवा कपड्यात मुरून राहिलेला घाम या हिशेबात धरावयाचा नाही. बंद कप्प्यांचा फोम उष्णतारोधकही आहे आणि वाफ अडविणाराही. ज्या गुणामुळे तो हलका व टिकाऊ ठरतो, तोच गुण धारकाच्या मुळावर येतो. मुंबईच्या दमट हवेत तर वाळण्याचा वेग आधीच मंद असतो.

यावर पूर्ण तोड नाही, पण शमन करता येते. कवचाची पाठ अंशतः उघडी ठेवून वर अंगरखा किंवा झूल सोडावी. कवच अंगास चिकटू न देता आत फोमचे छोटे ठोकळे बसवून बोटभर पोकळी राखावी, आणि तिला खाली कमरेशी व वर मानेशी तोंड ठेवावे. तापलेली हवा वर चढून आपोआप बाहेर पडते. बगल, गुडघ्याची मागची बाजू व मान झाकू नये. शिरस्त्राणात डोळ्यांच्या व तोंडाच्या जागी काळी जाळी लावली की बाहेरून पोकळी दिसत नाही व श्वास मोकळा राहतो. संगणकातील छोटा पंखा पॉवर बँकवर चालवून आत बसविण्याची युक्तीही चांगली. जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे लावून सोंगे नाचतात ती रात्री. आमच्या महोत्सवांची वेळ मात्र भर दुपारची असते, आणि मांडव पत्र्याचा.

रचनेचा एक नियम मात्र कोणत्याही सौंदर्यदृष्टीपुढे शिथिल करू नये, असे माझे मत आहे: धारकाला इतर कोणाच्याही मदतीवाचून एका मिनिटात शिरस्त्राण व छातीचे कवच उतरविता आले पाहिजे. बक्कल पुढे वा कुशीला, दिसत नाही अशा जागी पण हाताच्या पोचेत असावे. स्पर्धांच्या नियमावलीत ही चाचणी अंतर्भूत करण्यास काहीही खर्च येत नाही.

रंगलेपन व आयुधे

फोम थेट रंगविल्यास रंग त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो. म्हणून प्रथम त्यावर लवचीक आवरण द्यावे लागते. लाकडाचा पांढरा गोंद स्वस्त पडतो, पण घामाने व पावसाने तो पुन्हा चिकट होतो. रबरयुक्त फवारा वा अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर अधिक टिकतात. कडक लॅकर मात्र वाकणाऱ्या भागावर देऊ नये. पहिल्याच बैठकीत त्याला भेगा जातात. धातूचा भास रंगापेक्षा कडांवर अवलंबून असतो. खाचांत पातळ काळा रंग मुरवून पुसावा व कडांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने चंदेरी छटा द्यावी.

आयुधांविषयी थोडक्यात. खड्गाच्या गाभ्यात पीव्हीसी नळी किंवा लाकडी दांडा घालून दोन्ही बाजूंनी फोम चिकटवावा. गाभा टोकाच्या चार बोटे अलीकडेच थांबवावा, म्हणजे टोक कोणास लागले तरी इजा होत नाही. लोकलने वा एसटीने प्रवास करावयाचा असल्याने लांब भाला दोन तुकड्यांत करून मध्ये घट्ट बसणारी नळी ठेवावी. खरे धारदार पाते वापरणे सर्वथा वर्ज्य आहे. मेळाव्यांचे नियम त्यास मनाई करतातच. शिवाय आपल्याकडे तलवारीसारखी शस्त्रे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतात. प्रतिकृतीसुद्धा रस्त्याने उघडी न मिरविता गुंडाळून न्यावी.

देखभाल

मेळाव्यास जाताना सोबत गोंदाची छोटी बाटली, जाड कापडी चिकटपट्टी, दोन जादा बक्कले, सुई-दोरा व पाणी असावे. परत आल्यावर आतील बाजू ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवावी, उन्हात नव्हे. प्रत्येक तुकड्याच्या आत डावा-उजवा व वर-खाली अशी खूण लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी ती आठवत नाही. कवच घडी घालून कोंबू नये, खांद्याच्या आकाराच्या लाकडी हँगरवर टांगावे.

उपरोक्त विद्यार्थ्याने कापलेले कवच टाकून दिले नाही. ज्या उभ्या रेषेवर कात्री चालली होती, तीच त्याने पुढच्या वर्षी उघडझाप करणारी कड बनविली आणि तिच्यावर कथेतील राजचिन्हाची पट्टी बसवून आत तीन बक्कले लपविली. परीक्षकांसमोर त्याने ते स्वतःच उतरवून दाखविले. घड्याळात चाळीस सेकंद झाले होते.